पिस्ता वापरताना या चुका टाळा

पिस्त्याची पेस्ट वाटताना त्यात पाणी घालू नका. दूधही नको. हे इतक्या जणांना सांगून झालंय, तरी कुणीतरी गोळा होऊन अडकलेलं मिक्सरचं भांडं पुढे करतंच आणि विचारतं, "आता काय करू?" म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पिस्त्यात साधारण ४५ टक्के तेल असतं. पेस्ट होते ती त्या तेलामुळे, वरून काही ओतल्यामुळे नाही. वाटताना आधी भरड होते, मग पूड, मग ती पूड भांड्याच्या कडेला चिकटून बसते, मग जाड गोळा होतो आणि अगदी शेवटी तेल सुटून पेस्ट वाहायला लागते. अडचण अशी की तेल सुटायच्या आधी माणसाचा धीर सुटतो.

माझ्याकडे केक शिकायला येणारा एक हौशी मुलगा होता. आइस्क्रीमसाठी पेस्ट हवी म्हणून त्याने अर्धा किलो सोललेला पिस्ता एकदम मिक्सरमध्ये भरला आणि मिक्सर सलग चालू ठेवला. गोळा झाला, पातं नुसतंच फिरायला लागलं. मी हातातलं काम आटपून येईपर्यंत पठ्ठ्याने पेलाभर थंड दूध ओतलं होतं. आत घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा आणि मिक्सरला जळका वास. "काका, पातळ व्हायला हवं होतं ना?" नाही व्हायचं. पेस्टमध्ये पिस्त्याचे बारीक कण तेलात तरंगत असतात. त्यात थोडं पाणी शिरलं की ओले झालेले कण एकमेकांना धरतात आणि सगळं आवळून येतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे थेंब पडले की ते खरखरीत होतं, तेही याच कारणाने. त्याचा पिस्ता वाया गेला नाही, कारण आइस्क्रीमला दूध लागणारच होतं. गोळा फोडून भरपूर गरम दुधात घोटला, गाळला आणि निभावलं. पण पेस्ट म्हणून बरणीत ठेवण्यालायक काही उरलं नाही.

माझी पद्धत साधी. गर हलका गरम करून घ्यायचा, भांडं निम्म्याच्या आत भरायचं, थोडं फिरवायचं, कडा खरवडायच्या, मिक्सरला दम खाऊ द्यायचा, परत फिरवायचं. फारच अडलं तर वास नसलेलं तेल चमचाभर. घरच्या मिक्सरवर पेस्ट थोडी रवाळच राहते. राहू द्या.

पूड करायची असेल तर मात्र सगळं उलट. तिथे तेल सुटायला नको. गर फ्रिजमध्ये गार करा, पाककृतीतलीच थोडी साखर सोबत घाला आणि मिक्सर चालू-बंद करत दळा.

आता रंग. फोटोतला हिरवागार पिस्ता बघून लोक मीठ लावून भाजलेले खायचे पिस्ते आणतात आणि पदार्थ मातकट झाला की हिरमुसतात. पिस्त्याचा हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो आणि तो जात आणि तोडणीची वेळ यांवर अवलंबून असतो. तुर्कस्तानात गाझिआंतेपच्या भागात बकलावा या मिठाईसाठी पिस्ता पूर्ण पिकायच्या आधीच काढतात, कारण तेव्हा गर जास्त हिरवा असतो. इटलीच्या सिसिली बेटावरच्या ब्राँटे गावचा पिस्ता त्याच्या गडद हिरव्या रंगासाठीच ओळखला जातो. बाकी झाडावर पूर्ण पिकलेला पिस्ता बहुधा पिवळसर हिरवाच निघणार. त्यावर हिरवा रंग आणि कडू बदामाचा अर्क ओतून 'पिस्ता फ्लेवर' करण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. खऱ्या पिस्त्याची चव सौम्य असते. त्या अर्काची सवय झालेल्याला ती फिकी वाटते, त्याला इलाज नाही.

हाती असलेल्या पिस्त्याचा रंग टिकवायचा असेल तर जांभळट साल काढा. बिनमिठाचा कच्चा गर उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग जाड फडक्यात चोळायचा. साल सुटते, उरलीसुरली नखाने काढायची. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पाण्यात खाण्याचा सोडा टाकला तर साल पटकन सुटते आणि रंगही उठतो, पण जरा हात सैल पडला की साबणासारखी चव येते, म्हणून मी टाकत नाही. यानंतर गर नीट वाळवा. ओलसर गर तसाच डब्यात भरला तर बुरशी येते.

आणि हो, रंग आणि भाजका खमंगपणा दोन्ही एकदम मिळत नाहीत. उष्णतेने हरितद्रव्य शेवाळी-तपकिरी होतं. सजावटीचे काप कच्चे ठेवा आणि केक भाजून झाल्यावर वर पसरा. खायला किंवा पेस्टला भाजायचे असतील तर ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर सहा ते आठ मिनिटं, आणि अजून थोडं हवं असं वाटतं तेव्हाच काढा. गरम ट्रेवर ते आणखी भाजत राहतात. जास्त आचेवर लवकर होतील असं समजणाऱ्यांचे पिस्ते बाहेरून काळे आणि आतून कच्चे असतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टरफलासकट वजन करून पाककृतीत धरू नका, त्यातलं जवळजवळ निम्मं टरफलच असतं.

खारे पिस्ते गोड पदार्थात घालून "साखर कमी पडली" म्हणू नका.

तयार हिरवी पूड घेऊ नका. तिच्यात शेंगदाणे मिसळल्याचे प्रकार होतात, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. अख्खा गर घ्या. काजूची ॲलर्जी असलेल्याला तर पिस्ता देऊच नका, दोन्ही एकाच कुळातले आहेत.

उघड्या वाडग्यात महिनोन् महिने ठेवू नका. हवाबंद बरणी, फ्रिजमध्ये. जास्त असतील तर फ्रीझर. बाहेर काढल्यावर बरणी गार असताना उघडू नका, आत दव धरतं.

खवट झालेला पिस्ता भाजून सुधारत नाही. बुरशीचा तर विचारच नको. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते घरच्या भाजण्याने जात नाही. निवडून बाजूला काढण्याची काटकसर करू नका, टाकून द्या.

आणि दाताने टरफल फोडणारे! गर भरत आला की टरफल झाडावरच आपसूक उकलतं. न उकललेल्या पिस्त्यात बऱ्याचदा गर नीट भरलेलाच नसतो. किंचित फट असेल तर रिकाम्या टरफलाची कड तिच्यात खुपसून पिळा, उघडतं. फटच नसेल तर तो पिस्ता बाजूला ठेवा.