टेप लावण्याआधी : इंग्लिश लोकगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर काम करताना

यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात, पबच्या वरच्या मजल्यावरील खोलीत, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दर आठवड्याला फोक क्लब, म्हणजे लोकगीते गाण्या-ऐकण्याची बैठक, भरत असे. त्या क्लबच्या एका सभासदाने स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेली चाळीसएक रिळे त्याच्या पश्चात कुटुंबीयांनी पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत भरून माझ्या स्वाधीन केली, तेव्हा मला या कामात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. पुण्यात ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेऊन मी इंग्लंडला आले होते. यंत्रे हाताळण्याची सवय होती, मात्र ही गाणी मला पूर्णपणे नवी होती. या क्षेत्रात येऊ इच्छिणारे विद्यार्थी आता मला प्रश्न विचारतात, तेव्हा त्या दोन खोक्यांनी जे शिकवले तेच मी त्यांना सांगते.

या टेपना महत्त्व का आहे, हे आधी समजून घ्यावे. लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी 1903 मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज येथे एका माळ्याच्या तोंडून पहिले लोकगीत टिपले ते कागदावर. पर्सी ग्रेंजर यांनी 1906 मध्ये लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ वापरला आणि जोसेफ टेलर यांच्यासारख्या गायकांचा प्रत्यक्ष आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरला. पुढे 1952 ते 1957 या काळात बीबीसीने खेडोपाडी माणसे पाठवून गाणी आणि बोली मुद्रित करून घेतल्या. हे सारे संग्राहकांचे काम होते आणि त्यातले बरेचसे आज संग्रहालयांत सुरक्षित आहे. फोक क्लबांच्या टेपचे तसे नाही. तिथे निमंत्रित गायकाच्या आधी श्रोत्यांपैकीच कोणीतरी उठून एखाददुसरे गाणे म्हणत असे, सगळी खोली ध्रुवपद उचलून धरत असे, आणि हे टिपणारा माणूस म्हणजे स्वतःचे यंत्र घेऊन आलेला एखादा शिक्षक किंवा गिरणीतला कामगार असे. अशी रिळे माळ्यावर, गॅरेजमध्ये पडून असतात आणि घर रिकामे करताना सहज फेकली जातात.

रीळ हाती येताच ते वाजवून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. आधी रीळ प्रकाशासमोर धरावे. ॲसिटेटची टेप असेल तर गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसतो, पॉलिएस्टरची असेल तर दिसत नाही. ॲसिटेट जुने झाले की त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाकडे होते आणि ताण पडताच तुटते. मात्र ते सरळ तुटत असल्याने नीट जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणले जाते आणि ताणलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपचा थर ओल धरून चिकट होतो आणि हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, तपकिरी राप बसवतो. अशा टेपला सुमारे 54 अंश सेल्सिअस तापमानात आठ तास किंवा त्याहून अधिक वेळ सुकवावे लागते, आणि हा उपाय ॲसिटेटवर कधीही करायचा नसतो. म्हणूनच साहित्य ओळखल्याशिवाय उपाय ठरवू नये.

त्यानंतर जोड तपासावेत. माझ्या पहिल्याच रिळात तेवीस जोड होते आणि त्यांपैकी निम्म्यांचा डिंक सुकलेला होता. प्रत्येक जोड पुन्हा करण्यात पूर्ण दिवस गेला आणि त्या दिवशी मी एकही गाणे ऐकले नाही. नवख्या माणसाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तो वाया गेलेला नसतो.

वेग हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, असे माझे मत आहे. घरगुती यंत्रांवर टेप सेकंदाला 19 किंवा 9.5 सेंटिमीटर या वेगाने चालत असे आणि एकाच रिळात दोन्ही वेग सापडणे नवलाचे नाही. पण खोक्यावर लिहिलेला वेग बरोबर असला तरी यंत्र नेमके त्या वेगाने चालले होते, याची खात्री नसते. इंग्लंडमधली वीज 50 हर्ट्झची असल्याने विजेवर चाललेल्या मुद्रणात बहुतेकदा त्याच कंपनसंख्येची मंद घरघर उतरलेली असते. ती घरघर संगणकावर 52 हर्ट्झ दिसली, तर टेप चार टक्के जास्त वेगाने वाजत आहे आणि गाणे अर्धस्वराच्या सुमारे दोन-तृतीयांश इतके चढले आहे, हे निश्चित समजावे. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात हा आधार मिळत नाही. उलट बॅटरी उतरत जाताना टेप मंदावते, आणि ती आज योग्य वेगाने लावली की गायक हळूहळू वर चढत गेल्यासारखा ऐकू येतो. अशा वेळी एखाद्या गाण्यात काँसर्टिना हे हातात धरून वाजवायचे भात्याचे छोटे वाद्य वाजत असेल तर तिच्या पक्क्या स्वरांची मदत होते. वाद्याच्या साथीशिवाय गाणाऱ्याचा स्वर मात्र मुळातच थोडा सरकतो, म्हणून त्याच्यावरून वेग ठरवणे धोक्याचे आहे. यंत्राची चूक सुधारावी, गायकाचे गाणे सुधारू नये.

मूळ टेपवरून घेतलेली पहिली संगणकीय प्रत 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या उच्च दर्जात घ्यावी, प्रत्येक रिळासाठी हेडचा कोन नव्याने जुळवावा, आणि या प्रतीला पुढे कधीही हात लावू नये. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. हा नियम मी पाळला होता म्हणूनच माझी पुढची चूक भरून निघाली.

त्या रिळांमधल्या एका गाण्यावर खरखर फार होती. दोन गाण्यांमधल्या शांततेचा तुकडा घेऊन 'हा नकोसा आवाज' असे मी सॉफ्टवेअरला शिकवले आणि संपूर्ण मुद्रण त्यातून काढले. आवाज स्वच्छ झाला, मला समाधान वाटले, आणि मी तो त्या काळी अशा क्लबांना नियमित जाणाऱ्या एका वयस्कर सहकाऱ्यांना ऐकवला. पहिले कडवे संपून ध्रुवपद आले तसे ते म्हणाले, "गाणारा आहे, पण खोली कुठे गेली?" मी शांतता समजले होते ती रिकामी नव्हती, खुर्च्यांची कुरकुर, ग्लास टेबलावर टेकल्याचा आवाज, पन्नासएक माणसांचा श्वास त्यात होता. तो काढताना मागच्या रांगेतून ध्रुवपद म्हणणाऱ्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे झाले होते आणि गायकाचे 'स' आणि 'श' बोथट झाले होते. जात्यावरच्या ओवीतून जात्याची घरघर काढून टाकावी असे आपल्यापैकी कोणालाही वाटणार नाही, कारण ओवीची लय तिच्यावरच बसलेली असते; इंग्लिश क्लबमधल्या गाण्यालाही खोलीचा तसाच आधार असतो. तेव्हापासून विजेची घरघर आणि टेपचे तडतडणे मी हाताने, थोडे थोडे कमी करते आणि बाकीचे राहू देते.

गाण्यापूर्वीचे बोलणेही कापू नये. "हे गाणे मी माझ्या मामाकडून शिकलो, तो अमुक गोदीत काम करत असे" असे एक वाक्य त्या गाण्याचा सारा प्रवास सांगून जाते. प्रत्येक गाण्याची पहिली ओळ, गायक, ठिकाण, तारीख आणि राऊड सूचीतला क्रमांक नोंदवावा. स्टीव्ह राऊड यांच्या या सूचीत एकाच गीताच्या निरनिराळ्या नावांच्या रूपांना एकच क्रमांक असतो, 'बार्बरा ॲलन'ला 54, त्यामुळे नाव बदलले तरी गाणे सापडते. सूची लंडनमधील सेसिल शार्प हाऊसच्या ग्रंथालयामार्फत सर्वांना खुली आहे.

टेप लोकांपर्यंत पोहोचवताना हक्कांचा विचार टाळता येत नाही. पारंपरिक चालीवर कोणाचा हक्क नसला तरी तिची नवी बांधणी, गायकाचे सादरीकरण आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पारंपरिक वाटणारे गाणे तसे असेलच असे नाही: 'शोल्स ऑफ हेरिंग' अनेक जण जुने कोळीगीत समजून गातात, पण ते इवान मॅकॉल यांनी बीबीसीच्या कार्यक्रमासाठी 1960 मध्ये रचले. म्हणून मी आधी कुटुंबीयांना, मग हयात गायकांना किंवा त्यांच्या वारसांना पत्र लिहिते आणि उत्तर येईपर्यंत ते गाणे बाहेर देत नाही. यात महिने जातात.

परवानगी मिळालेली गाणी आम्ही पहिल्यांदा त्याच गावच्या सभागृहात, चहा-बिस्किटांसह, तीसेक लोकांना ऐकवली. अकराव्या रिळावरच्या तिसऱ्या गाण्यापुढे मी 'अज्ञात स्त्री-गायिका' असे लिहिले होते. दुसऱ्या कडव्यापाशी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला आणि टेप थांबवायला सांगितली. ती त्यांची मोठी बहीण होती. गाणे तिने आजीकडून घेतले होते, आणि शेवटच्या कडव्यात ती मुद्दाम एक ओळ बदलत असे. त्यांनी ती मूळ ओळ म्हणून दाखवली. मी दोन्ही ओळी आणि तिचे नाव त्या रात्रीच नोंदवहीत उतरवले.