फसलेल्या बाटिकची गोधडी कशी करावी

माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात फसलेलं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, ठेवते. मेण नीट मुरलं नाही म्हणून रंग आत घुसलेले तुकडे, जांभळा करायला गेले आणि शेणाचा रंग आला ते तुकडे, दोरीवर वाळताना एकमेकांना चिकटून बसलेले तुकडे. सुरुवातीला घरी कुणी आलं की ही पेटी पलंगाखाली सरकवायचे. आता ती रिकामी दिसली की अस्वस्थ होते, कारण माझ्या गोधड्या तिच्यातूनच निघतात. छान जमलेलं बाटिक कापायला हात धजत नाही. फसलेल्यावर कात्री सरसर चालते.

या लेखात दोन्ही कामं सांगते: घरी बाटिक कसं करायचं, आणि त्यातून भिंतीवर टांगता येईल अशी 90 बाय 90 सेंटीमीटरची गोधडी कशी शिवायची. रंगकामाला तीन-चार रविवार लागतात. शिवणकामाचा हिशेब पुढे येईलच.

कापड

शंभर टक्के सुती हवं. मलमल, केंब्रिक किंवा पातळ पॉपलीन, तीनेक मीटर. मांजरपाट स्वस्त पडतो, पण जाड असतो. मेण पलीकडे पोचत नाही आणि नवशिक्याचा हिरमोड होतो. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी एक धागा काढून जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, आणि पॉलिस्टर हे रंग धरत नाही.

कोऱ्या कापडाला खळ असते. साबण आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा, खळखळून धुवा, वाळवा. मग त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. ही पायरी मी एकदा आळसाने गाळली होती. पेटीच्या तळाशी आहे ते कापड.

मेण

बाटिकचं सगळं गुपित एवढंच: जिथे मेण, तिथे रंग नाही. जावातले कारागीर हेच काम ‘चांटिंग’ नावाच्या, तांब्याची इवलीशी तोटी असलेल्या लेखणीने करतात. इंडोनेशियाच्या या कलेला युनेस्कोने 2009 साली 2 ऑक्टोबरला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. आपण गांधीजयंती पाळतो त्या दिवशी तिकडे बाटिक दिन असतो. आपल्याकडे उज्जैनजवळच्या भेरूगढला आणि कच्छमध्ये मुंद्र्याला बाटिकचं काम चालतं. मुंद्र्याकडे मेण लाकडी ठशाने उठवतात.

घरी सुरुवात करताना चांटिंगचा हट्ट नको. ती हाताला वळण लागेपर्यंत ठिबकतच राहते. जाड केसांचा ब्रश घ्या, पण नैसर्गिक केसांचा. नायलॉनचे केस गरम मेणात आखडून जातात. बटाटे कुस्करायची तारेची रवी, करंजीचं कातणं, वाटीची कड यांचेही सुंदर ठसे उठतात. एकदा मेणात गेलेली वस्तू स्वयंपाकात परत आणायची नाही, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

मेण दोन प्रकारचं लागतं. पॅराफिन ठिसूळ असतं, त्याला तडे जातात आणि तड्यांतून रंग शिरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. मधमाशीचं मेण लवचिक, ते कापडाला धरून राहतं. मी दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण घेते. तडे जास्त हवेत तर पॅराफिन वाढवा. गंमत अशी की जावाच्या उंची बाटिकमध्ये या रेघा म्हणजे कारागिराचा दोष मानतात. आपल्याकडे मात्र त्या दिसल्या नाहीत तर लोक विचारतात, ‘हे नक्की बाटिकच ना?’

मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा, आणि खाली गॅसच्या ज्योतीपेक्षा विजेची शेगडी बरी. पाण्यामुळे मेण शंभर अंशांपुढे जात नाही. डब्यात पाण्याचा थेंब पडला तर मेण तडतडून उडतं, तेव्हा ब्रश कोरडा ठेवा. खिडकी उघडी हवी. आणि मेणाने कधी पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. शेगडी बंद करून डब्यावर झाकण दाबायचं. झाकण पहिल्यापासून हाताशी ठेवा, शोधायला लागेल असं नको.

कापड लाकडी चौकटीवर ताणून टाचण्यांनी बसवा. भरतकामाची मोठी रिंगही चालते. पेन्सिलीने फिकट रेघा काढा आणि मेण लावत चला. एक ब्रश लावला की कापड उलटून बघा. मागून ते ओलं, पारदर्शक दिसायला हवं. पांढुरकं, वरवर बसलेलं दिसलं तर मेण थंड आहे, ते आणखी तापू द्या. जिथे पोचलं नसेल तिथे मागूनही हात फिरवा. माझ्या पेटीतला निम्मा माल या एका चुकीचा आहे.

रंग

गरम पाण्याचे रंग इथे चालत नाहीत, मेण वितळेल. थंड पाण्यात बसणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या. रंगाच्या दुकानात बरेच जण त्यांना ‘प्रोसियन’ म्हणूनच ओळखतात. हे रंग 1956 पासून बाजारात आहेत, आणि सोड्याच्या पाण्यात त्यांची सुताशी रासायनिक गाठ बसते, म्हणून धुतल्यावर जात नाहीत. जुन्या कलावर्गांत ब्रेन्थॉल आणि सॉल्टचे रंग असायचे. त्यांची झळाळी मला अजून आवडते, पण त्यांना कॉस्टिक सोडा लागतो. लहान मुलं असलेल्या घरात तो नकोच.

पाव किलो कापडाला पाच लिटर पाणी, 5 ते 10 ग्रॅम रंग, 250 ग्रॅम साधं मीठ आणि 50 ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे. रंगाची पूड नाकात जाऊ नये म्हणून ती कालवताना तोंडाला मास्क, आणि हातमोजे तर शेवटपर्यंत. आधी रंग थोड्या पाण्यात कालवून गाळून घ्या, नाहीतर न विरघळलेल्या कणांचे ठिपके पडतात. मग तो मिठाच्या पाण्यात मिसळा. मेण लावलेलं कापड साध्या पाण्यात भिजवून या रंगात टाका आणि वीस मिनिटं हलवत राहा. मग कापड बाजूला काढून, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा रंगात घाला, कापड परत बुडवा आणि तासभर ठेवा. पहिली पंधरा मिनिटं हलवणं सोडू नका. सोडा घातलेला रंग काही तासांत मरतो, तो उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

तडे पाडायचे असतील तर रंगात घालण्याआधी कापड थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा आणि मुठीत हलकेच चुरगळा. हलकेच.

क्रम नेहमी फिकटाकडून गडदाकडे. पांढरं राखायचं तिथे मेण, मग पिवळा. पिवळं राखायचं तिथे मेण, मग लाल. पण पिवळ्यावर लाल चढला की दिसतो केशरी, आणि त्यावर निळा चढला की तपकिरी. नवशिक्यांचं शेण होतं ते इथेच. निळा मिळेल अशा आशेने आपण तिसऱ्यांदा बुडवतो आणि बाहेर निघते माती. निळा हवाच असेल तर पिवळ्याला हात लावू नका. पांढरा, आकाशी, गर्द निळा अशी वेगळी वाट धरा.

दोन रंगांच्या मध्ये कापड पूर्ण वाळायला हवं, ओल्या सुतावर मेण धरत नाही. म्हणून पावसाळ्यात हे काम रडत-रखडत चालतं. मे महिन्यात उलटी तऱ्हा: गच्चीवर वाळत घातलेल्या कापडावरचं मेण उन्हाने मऊ होतं, घडीला घडी चिकटते. सावलीत, एकेरी वाळत घाला. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस मला सगळ्यात सोयीचे वाटतात.

मेण काढणं

जाड थर आधी नखाने किंवा बोथट सुरीने खरवडून घ्या, पुन्हा वितळवता येतो. मग जुन्या मोठ्या पातेल्यात साबणाचं पाणी उकळून कापड त्यात टाका. मेण वर तरंगतं. कापड काठीने चटकन उचलून दुसऱ्या गरम पाण्यात घाला, रेंगाळलात तर वरचा तवंग परत त्यालाच चिकटतो. पहिलं पातेलं तसंच थंड होऊ द्या, वर मेणाची पोळी धरते, ती उचलून ठेवा. हे पाणी गरम असताना मोरीत ओतू नका. पाइपात मेण गोठलं की काय होतं हे मी प्लंबरला पैसे देऊन शिकले आहे.

उकळणं दोन-तीनदा करावं लागतं. नुसतं भिंतीवर लावायच्या बाटिकला थोडं मेण राहिलं तरी चालून जातं, पण आपल्याला शिवायचं आहे. चार पदरी घडीतून सुई काढून बघा. ती अडखळत, ओढून काढावी लागली तर अजून मेण आहे.

कापायचं कुठे

एका पुठ्ठ्यात 15 सेंटीमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि ती फसलेल्या कापडावर फिरवा. सबंध कापड बघवत नसलं तरी त्या खिडकीत एखादा कोपरा असा सापडतो की आपणच चकित होतो. मेण निसटून पसरलेला निळा, शेणरंगात अडकलेली केशरी रेघ. तिथे खूण करा आणि कडेने एक सेंटीमीटर जास्त ठेवून कापा. सगळे चौकोन सारखे नकोत. लांब पट्ट्या, त्रिकोण, एखादा मोठा तुकडा असू द्या.

मांडणी जमिनीवर करा आणि फोनवर कृष्णधवल फोटो काढा. रंगात छान वाटणारी मांडणी त्यात सपाट राखाडी दिसली तर फिकट आणि गडद पुरेसे लांब नाहीत. पेटीत परत हात घाला. कुठेतरी जुन्या लुगड्याचा साधा तुकडा असावा, सगळंच बाटिक झालं तर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही.

थर आणि टाके

आत कापूस किंवा फोम घालू नका. जुनं धोतर, सुती साडी यांचे तीन थर आणि खाली अस्तराला आणखी एक. वापरून विरलेलं सूत सुईला लोण्यासारखं लागतं, नव्या कापडाला ते जमत नाही. गडद लाल साडी असेल तर रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. चारही थर 95 सेंटीमीटरचे कापा, जमिनीवर ताणून पसरा, आणि मध्यापासून कडेकडे सूर्याच्या किरणांसारखे लांब कच्चे टाके घाला.

हे कच्चे टाके महत्त्वाचे आहेत. क्विल्टवाले मधून सुरुवात करून बाहेर येतात म्हणजे झोळ कडेला सरकतो. आपली गोधडी कडेपासून आत जाते, चौकोनात चौकोन, आणि झोळ मध्यावर येऊन फुगतो. मला तरीही कडेपासूनच आवडतं, आजीच्या गोधड्या तशाच होत्या. कच्चे टाके घट्ट असतील तर मध्याला पोट येत नाही.

आता कडा आत दुमडून घ्या आणि कडेपासून सुरू करा. बाटिकचा तुकडा ठेवा, त्याची कड बोटाने दुमडा, धावदोऱ्याने सगळ्या थरांतून शिवत चला. पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवा. लांब सुई, दुपदरी सुती दोरा, गाठ थरांच्या आत लपलेली. दोन ओळींत बोटाएवढं, म्हणजे दीडेक सेंटीमीटर अंतर. या मापाने 90 सेंटीमीटरच्या गोधडीत सुमारे 54 मीटर धावदोरा पडतो. अर्ध्या तासात माझा दीडेक मीटर होतो, म्हणजे रोज अर्धा तास बसलं तर छत्तीस दिवस. टाका लहान-मोठा झाला तर उसवू नका. मागची ओळ आणि पुढची ओळ शेजारी आल्या की तो त्यांच्यात विरतो.

गोधडी भिंतीवर लावायची हे काहींना विचित्र वाटतं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली पांघरुणं 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागली होती. आपल्याला त्यासाठी मागच्या वरच्या कडेला दहा सेंटीमीटर रुंद पट्टी शिवून तिच्यातून काठी ओवायची, एवढंच.

आणि एक काम शेवटचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना ‘फुलं’ म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. त्यांच्याकडून घेऊन मीही ती लावते. त्यासाठी मात्र पेटीतलं काही घेत नाही. जमलेल्या बाटिकमधून चार बोटांचा तुकडा कापते, दर वेळी थोडा जीव खाली-वर होतो, आणि कापते.