वळिवाआधी छप्पर तपासायचे ते असे

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर गोव्यात सत्तरी-सांग्याकडे घाटावर ढग चढतात आणि कधीकधी संध्याकाळी खाली उतरतात. पावसाच्या पुढे धावणारा वारा पत्रे उचलतो तो काही मिनिटांत, पण ते सैल झालेले असतात आधीच्या दोन महिन्यांच्या उन्हाने.

तीन मीटरचा लोखंडी पत्रा 30 अंशांनी तापला की सुमारे 1 मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूभोवतीचे भोक मोठे होत जाते. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो. म्हणून प्रत्येक स्क्रूवर बोट ठेवून वॉशर फिरतो का पाहा. फिरला, किंवा नखाने दाबल्यावर चीर दिसली, तर बदला. नवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात मारलात तर तिथूनच गळेल. रबर वरच्या चकतीबाहेर किंचित दिसेल इतकेच आवळा, जास्त आवळले की तो लगेच फाटतो. स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याच भोकात पुन्हा घालू नका. पाच सेंटीमीटर बाजूला नवा मारा आणि जुने भोक सीलंटने बुजवा. वारा आधी धरतो कडा, म्हणून पागोळीकडच्या ओळीत आणि कोपऱ्यांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. मधल्या ओळींत एक सोडून एक चालतो.

मंगलोरी कौलांच्या घरात पागोळीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांची कौले जस्त चढवलेल्या लोखंडी तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, बांधून घ्या. कोने, म्हणजे माथ्यावरची कौले, हलत असतील तर जुना गिलावा खरवडून 1:4 सिमेंट-रेतीने बसवा आणि तीन दिवस पाणी मारा. या उन्हात पाणी मारले नाही तर मसाला चिरणारच. कौलांवर पाय रिपांवर येईल असा ठेवा, नाहीतर आडवी फळी टाका. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर मात्र चढूच नका, मधोमध पाऊल पडले तर ते फुटून माणूस खाली जातो.

उन्हासाठी लावलेली हिरवी जाळी आणि ताडपत्री वाऱ्याला शिडासारखी सापडते. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा, ढग दिसताच उतरवा.

हे सगळे काम सकाळी सात ते साडेदहा. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. मग सावलीत बसून मीठ घातलेली पेज. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा तोल सांभाळेना, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 लावा.

माडाच्या सुक्या चुडत्या (झावळ्या) आणि तयार नारळ पाडेलीकडून, म्हणजे नारळ काढणाऱ्याकडून, मे उजाडायच्या आत काढून घ्या. घरावर झुकलेले झाड तोडायचे असेल तर आधी वन खात्याची परवानगी लागते, म्हणून तो अर्ज मार्चमध्येच करावा.

गडगडाट ऐकू आला की छपरावरून खाली. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे पुन्हा चढू नये.

तार तुटून पडली असेल तर दहा मीटर लांब राहा, तिच्यावर पडलेल्या फांदीलाही हात लावू नका. 1912 वर वीज खात्याला कळवा, रस्त्यावर झाड आडवे असेल तर 101. पडझड आवरण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, पंचनाम्याला तेच लागतात. नुकसानभरपाईचा अर्ज मामलेदार कचेरीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.