टायर कोणता आहे ते आधी सांग

ड्राइव्हलाइनच्या, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांच्या, कामात शिरू पाहणारी पोरं मला विचारतात त्यात एक प्रश्न हमखास असतो. हलक्या गाडीला मोठं इंजिन टाकलं, तर तिचा मागचा अ‍ॅक्सल टिकेल का? प्रश्न विचारताना सोबत इंजिनचे हॉर्सपॉवर सांगतात. टायर कोणता, हे कुणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो.

मी कोल्हापूरचा. वडिलांनी सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत केली. मेकॅनिकल करून एमएसला मिशिगनला आलो आणि आता अ‍ॅक्सल टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करतो. पण अ‍ॅक्सल म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नाही, रूममेटच्या गॅरेजात कळलं.

त्याच्याकडे १९९८ ची शेवरोले एस-१० होती. छोटी पिकअप, मागची चाकं चालवणारी, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टॉर्क (म्हणजे पिळाची ताकद) जेमतेम १९० न्यूटन-मीटर. त्याने भंगारातल्या सिल्व्हराडो ट्रकमधून ५.३ लिटरचं व्ही-८ काढून आणलं. २८५ हॉर्सपॉवर, ४४० न्यूटन-मीटर. त्यामागे फोर-एल-सिक्स्टी-ई नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. (मिशिगनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी वगैरे काही नसते, त्यामुळे असले उद्योग घराघरांत चालतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इंजिन बदलायचं तर आधी आरटीओच्या दारात जावं लागतं.) मागचा अ‍ॅक्सल मात्र मूळचाच ठेवला. कव्हरला दहा बोल्ट, म्हणून ‘टेन-बोल्ट’. म्हणायला साडेसात इंची, क्राऊनचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास प्रत्यक्षात ७.६२५ इंच.

गल्लीतल्या प्रत्येक जाणकाराने सांगितलं, पहिल्याच दिवशी फुटेल. मी ताजा इंजिनिअर, लगेच वहीत हिशोब केला. पहिला गिअर ३.०६, अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३. ४४० ला दोन्हींनी गुणलं की चाकांपाशी पाच हजार न्यूटन-मीटर. इंजिन आणि गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर सुटताना जवळपास दुप्पट करतो तो वेगळाच. एवढ्या छोट्या क्राऊनचं आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनचं काय होणार ते उघड होतं. मीही मान डोलावली, फुटणार.

आठ महिने काही झालं नाही.

रूममेट सिग्नलला सुटायचा, चाकं किंचाळायची, धूर व्हायचा, गाडी पुढे जायची. अ‍ॅक्सल शांत. माझा हिशोब चुकला कुठे, हे मला एका प्राध्यापकांनी एका वाक्यात दाखवलं. ते म्हणाले, इंजिन देतं तेवढा टॉर्क अ‍ॅक्सलवर येत नाही, टायर धरून ठेवतो तेवढाच येतो. चाक जागच्या जागी घसरून फिरलं की संपलं. उरलेली ताकद इंजिनचे आरपीएम वाढवण्यात आणि रबर जाळण्यात जाते.

मग हिशोब उलट्या बाजूने केला. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर साधारण ६०० किलो. सुटताना वजन मागे सरकतं, म्हणून ७०० धरा. घासलेल्या ऑल-सीझन टायरची पकड ०.८, चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. गुणाकार येतो अठराशे न्यूटन-मीटरच्या आसपास. पाच हजारांपैकी अठराशेच अ‍ॅक्सलपर्यंत पोचत होते. त्या गाडीत टायर हाच फ्यूज होता. आता विचार करा, त्याच अ‍ॅक्सलवर कुणी दोनशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवून मागे पाचशे किलो माल भरला आणि चांगले टायर लावले, तर त्या अ‍ॅक्सलला आमच्या व्ही-८ पेक्षा जास्त सोसावं लागेल. हॉर्सपॉवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही तो असा.

इथे गोष्ट संपली असती, पण रूममेटने ड्रॅग रेडियल घेतले.

हे टायर मऊ असतात, गरम केले की रस्त्याला चिकटतात. पकड १.३ धरा. पकड वाढली की गाडी जोरात सुटते, जोरात सुटली की वजन आणखी मागे येतं, आणि वजन आलं की पकड अजून वाढते. माझ्या वहीत आकडा साडेतीन हजारांवर गेला. म्हणजे थेट दुप्पट, आणि इंजिनला आम्ही हातही लावला नव्हता.

मिशिगनमधल्याच मिलान गावच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) पहिली धाव नीट झाली. दुसऱ्या वेळी सुटताना मागचा भाग थडथडायला लागला. याला व्हील हॉप म्हणतात. टॉर्कने पाटे पिळवटतात, पिनियनचं नाक वर उचललं जातं, टायर क्षणभर सुटतो, पाटे झटका देऊन सरळ होतात, टायर परत धरतो. सेकंदात कितीतरी वेळा. वहीतला साडेतीन हजारांचा आकडा संथ ओढीचा आहे, हॉपमध्ये क्राऊनच्या दातांवर घणाचे घाव बसतात. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला ‘ठण्ण’ असा एकच आवाज आला. मग गाडी ढकलत बाजूला घेतली.

त्या रात्री कव्हर उघडलं. गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो, जळलेलं असलं की तो नाकात बसतो. तळाशी राखाडी चकाकी, आणि त्यात क्राऊनचे तीन दात. मी ते पुसले, टॉर्चखाली धरून फोटो काढले आणि वडिलांना पाठवले. कोल्हापुरात सकाळ झाली होती. त्यांचा लगेच फोन.

“तुटल्यालीकडचा धातूचा दाणा बघ की रं. दोन दात चमकत्यात, ते एका फटक्यात गेलेत. तिसऱ्याच्या बुडाशी काळपट, गुळगुळीत चंद्रकोर हाय बघ. ती चीर जुनी हाय.”

मी परत टॉर्च धरली. होती. नखाएवढी, बाकीच्या खरबरीत भागापेक्षा साफ वेगळी. म्हणजे ‘काही झालं नाही’ म्हणत होतो त्या आठ महिन्यांत तो दात रोज थोडा थोडा चिरत होता. फ्यूज होता खरा, पण तो उडण्याआधीचा प्रत्येक झटका दातानेच घेतला होता. त्यात त्या अ‍ॅक्सलला आपोआप लॉक होणारं डिफ्रन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) होतं. ग्लव्ह बॉक्सच्या स्टिकरवर ‘जी-८०’ लिहिलेलं असतं तेच. एक चाक एकटं फिरायला लागलं की आतली फिरती वजनं उघडतात आणि दोन्ही चाकं एकमेकांशी जखडतात. चिखलात अडकलेल्या पिकअपला हे वरदान आहे. डांबरावर, फुल अ‍ॅक्सलरेटर दाबून, एक चाक जाळत असताना ते लॉक होणं म्हणजे दर वेळी एक हातोडा. चूक आमची, यंत्राची नव्हे.

उरलेल्या दातांवर डायल गेज लावला. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, १४ हजारांश इंच. नवीन बसवताना ६ ते १० ठेवतात. इंजिन टाकण्यापूर्वी किती होता? कुणीच मोजला नव्हता. जुने बेअरिंग, ढिला पिनियन, त्यावर लोड आला की पिनियन क्राऊनला दूर ढकलतो आणि दातांचा संपर्क बाहेरच्या टोकाकडे सरकतो. पूर्ण दाताने उचलायचं ओझं टोकावर येतं. टेन-बोल्ट हलका आहेच, पण आम्ही त्याला ढिला करून हलक्याहून हलका केला होता.

या क्षेत्रात येणाऱ्यांना मी सांगतो ते याच रात्रीतून आलेलं आहे. सॉफ्टवेअर शिकाच, ते सगळ्यांना येतं. पण भंगारातून एखाद्या जुन्या जीपचं डिफ्रन्शियल आणा आणि ते पूर्ण खोला. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) मोजा, दातांना पिवळं मार्किंग कंपाउंड लावून फिरवा आणि छाप कुठे पडते ते बघा. छाप दाताच्या मध्यावर आणायला मला पहिल्यांदा अख्खा रविवार लागला. स्टार पिनियनची (डिफ्रन्शियलमधल्या छोट्या गिअरची) पिन काढून तिच्यावर किती घळ पडली आहे ते बोटाने चाचपा. कॉलेजात बाहा एसएई (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवण्याची स्पर्धा) असेल तर ट्रान्समिशनच्या टीममध्ये घुसा. तिथे इंजिन सगळ्यांना एकसारखं आणि छोटं असतं, त्यामुळे खरी गंमत इंजिनच्या मागेच असते. आणि तुटलेला प्रत्येक भाग जपून ठेवा, तारीख लिहून. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मी तो चंद्रकोरीचा दात टेबलावर ठेवला होता. पुढची चाळीस मिनिटं त्यावरच गेली, माझ्या ग्रेडबद्दल कुणी विचारलं नाही.

पिकअपचं पुढे काय झालं? तिच्याखाली फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल गेला, भंगारात दीडशे डॉलरला मिळालेला. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररमध्ये ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ दात कोरलेले) जाड शाफ्ट आणि डिस्क ब्रेक येतात. पिळाला तोंड देण्याची शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणून १० टक्के जाड शाफ्ट ३३ टक्के जास्त पीळ सोसतो. पण तो अ‍ॅक्सल एस-१० ला रुंद पडतो आणि त्याचा पिनियन मध्यावर नसतो. त्यामुळे लांब बाजूची नळी कापून दोन्हीकडे आखूड शाफ्ट घातले. चाकाचे बोल्ट ४.७५ इंचांच्या वर्तुळावरून ४.५ वर आले, म्हणजे रिमही बदलल्या. स्वस्तातला अ‍ॅक्सल दीडशे डॉलरला पडत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पाट्यांना पिळवटू न देणारे ट्रॅक्शन बारही लावले. माझ्या मते निम्मं काम त्यांनीच केलं, कारण थडथड थांबली.

शाफ्ट आत सारण्याआधी मी दोन्हींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या पेंटची सरळ रेघ मारली. शाफ्ट कायमचा पिळला गेला तर रेघ जिलबीसारखी वळते. गेल्या ऑक्टोबरात ब्रेक बदलताना ते बाहेर काढले. डाव्याची रेघ ताठ होती. उजव्याची स्प्लाइनपाशी केसभर झुकलेली. रूममेट म्हणाला, “पेंट लावताना तुझा हात हलला असेल.” मी त्याच रेघेशेजारी दुसरी मारली, या वेळी पट्टी धरून.