लाल सिग्नलला उजवीकडे वळताय? या चुका टाळा

भारतातून न्यू जर्सीत आलेल्या पोरांचा लेखी परीक्षेचा अभ्यास चोख असतो. पन्नासपैकी चाळीस आले की पास, ही आणतात शेहेचाळीस. मग गाडी हातात आली की पहिल्याच लाल सिग्नलला घोळ. इथे लाल असताना उजवीकडे वळता येतं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं असतं. आधी पूर्ण थांबायचं, मनाईची पाटी नाही ना ते पाहायचं, चालणाऱ्यांना जाऊ द्यायचं, हे सगळं गळून जातं. पुण्यातल्या ‘फ्री लेफ्ट’च्या सवयीने मंडळी वळतात.

पहिला गुन्हा म्हणजे रोलिंग स्टॉप. ब्रेकवर पाय टेकवायचा, वेग थोडा उतरवायचा आणि तसंच सरकत वळायचं. एका मित्राचा भाचा नुकताच लायसन्स काढून आला होता. ओक ट्री रोडवर किराणा आणायला निघालो, मी शेजारी. सिग्नल लाल. मी म्हटलं, “थांब.” “थांबलोय की, काका!” म्हणाला, तेव्हा काटा आठ मैलांवर होता. वळून शंभर पावलं गेलो नसू, मागे लाल-निळे दिवे. पठ्ठ्याने गाडी कडेला घेतली आणि बेल्ट सोडून, कागदपत्रं हातात घेऊन दार उघडायला लागला. चौकात मामांकडे जातात तसा. मी बाही धरून खाली बसवला. इथे पोलिसाने थांबवलं तर गाडीतच बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. अधिकाऱ्याने विचारलं, थांबला होतास का? उत्तर आलं, “ऑलमोस्ट, सर.” त्या ‘ऑलमोस्ट’चं तिकीट झालं. दंड भरून मोकळं होता येतं, पण लायसन्सवर नियम मोडल्याचे पॉइंट चढले की इन्शुरन्सवाले विसरत नाहीत.

तीन सेकंद थांबायलाच हवं असं कुणीतरी सांगतं. कायद्याला सेकंदांशी देणंघेणं नाही, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. माझी सवय अशी: ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं, आणि गाडी खरोखर थांबली की ते परत वर येतं. ते वर आल्याचं अंगाला जाणवेपर्यंत मी वळायचा विचारही करत नाही. थांबायचं ते पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, झेब्रावर चढून नाही. तिथून रस्ता दिसत नसेल तर हळूच पुढे सरकून पुन्हा थांबा. दोनदा थांबायला कंटाळा येतो म्हणणाऱ्याने बसने जावं.

दुसरी चूक जास्त भयंकर आहे, कारण ती करणाऱ्याला कळतच नाही. गाड्या डावीकडून येतात, म्हणून माणूस मान डावीकडे वळवून फट शोधत बसतो. फट मिळाली की डोळे डावीकडेच ठेवून ॲक्सिलरेटर दाबतो. पण तुम्हाला लाल असतो तेव्हा तुमच्या समोरून रस्ता ओलांडणाऱ्याला चालायचा दिवा असतो, आणि तो उजव्या कोपऱ्यावरूनही निघतो. म्हणजे नेमका तुम्ही बघत नसता तिथून. न्यू जर्सीत झेब्रावरच्या माणसासाठी थांबायचं आणि तो जाईपर्यंत थांबूनच राहायचं, असा कायदा आहे. मी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, परत डावीकडे, आणि ब्रेकवरून पाय काढायच्या क्षणी शेवटची नजर उजव्या कोपऱ्यावर. त्या नजरेत सायकलवाला निघाला तर गेली ती फट, दुसरी येते.

मागचा हॉर्न वाजवतो म्हणून वळणारेही खूप. लालवर वळणं ही मुभा आहे, सक्ती नाही. सत्तरच्या दशकात तेलाची टंचाई आली तेव्हा उभ्या गाड्यांचं पेट्रोल वाचावं म्हणून ही मुभा अमेरिकाभर पसरली. मागच्याला घाई आहे म्हणून नाही. वाजवू दे त्याला.

बाकीच्या थोडक्यात.

‘नो टर्न ऑन रेड’ची पाटी सिग्नलच्या शेजारी किंवा कोपऱ्यावरच्या खांबावर असते. काही पाट्या ठरावीक वेळेपुरत्याच असतात, त्यामुळे खालची बारीक अक्षरंही वाचा.

दिवा गोल नसून उजवीकडचा लाल बाण असेल तर मी वळत नाही. राज्याराज्यांतले फरक गाडीत बसून आठवत बसण्यापेक्षा हे सोपं.

वळल्यावर सगळ्यात उजव्या लेनमध्येच शिरा. तिरके कापत थेट तिसऱ्या लेनमध्ये जाणाऱ्यांना कसली घाई असते, मला कधी कळलं नाही.

लालवर डावीकडे? न्यू जर्सीत नाही. दोन्ही रस्ते एकेरी असले तरी नाही. दुसऱ्या राज्यातला मित्र ‘आमच्याकडे चालतं’ म्हणेल. त्याच्याकडे चालत असेल.

रूट १ सारख्या रस्त्यांवर डावीकडे जायलाही आधी उजवीकडच्या जगहँडलमध्ये, म्हणजे उजवीकडून फुटून वळसा घालणाऱ्या वाटेत, शिरावं लागतं. तो चुकला तर पुढचा गाठा, सिग्नलला मध्येच तिरके उभे राहू नका.

आणि बोगद्यातून मॅनहॅटनला निघालात तर हे सगळं उलटं. न्यूयॉर्क शहरात लालवर उजवीकडे वळायला बंदी आहे, वळायची परवानगी देणारी पाटी असेल तरच वळायचं. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर मनाईची पाटी शोधत बसू नका, ती नसतेच. कॅमेरे मात्र असतात. पन्नास डॉलरचं पत्र गाडीच्या फोटोसकट घरी येतं.