दूरचित्रवाणीवरील पाळकाचे चरित्र कसे लिहावे : रॉबर्ट शुलर यांचे उदाहरण

ख्रिस्ती उपासकांची मोठी मंडळी उभी करणाऱ्या आणि दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचलेल्या पाळकाचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचे, चरित्र लिहायला घेताना, त्याने जिथे जिथे उपासना चालवली त्या जागांची प्रथम कालानुक्रमे नोंद करावी. प्रवचने शेकड्यांनी सापडतात आणि त्यांतली बरीच एकमेकांसारखी असतात. जागा मात्र मोजक्या असतात, आणि श्रोता कोण होता, पैसा कुठून आला, अधिकार कोणाच्या हाती राहिला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्याभोवतीच मिळतात. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट शुलर (१९२६–२०१५) यांचे चरित्र या पद्धतीने फार चांगले उलगडते, म्हणून पुढील सूचना त्यांच्याच आधारे देत आहे.

बालपण आटोपशीर ठेवावे. शुलर आयोवा राज्यातील डच वंशाच्या शेतकरी कुटुंबात वाढले. चीनमध्ये मिशनरी असलेल्या मामांनी ‘तू उपदेशक होशील’ असे लहानपणीच सांगितले होते, ही आठवण ते अनेकदा सांगत. अशी आठवण देताना ती त्यांनीच सांगितलेली आहे, हे वाक्यात स्पष्ट असावे. उपदेशकाची आत्मकथा हा त्याच्या उपदेशाचाच भाग असतो आणि वर्षानुवर्षे सांगून ती घोटीव होत जाते. शिक्षण आणि १९५० मधील पाळकीय दीक्षा यांना दोन वाक्ये पुरतात. संप्रदायाचे नाव मात्र गाळू नये. शुलर हे रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका या, माणसाच्या पापी स्वभावावर भर देणारे धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्या परंपरेतील, जुन्या संप्रदायाचे पाळक होते, आणि पुढे त्यांच्यावर झालेली टीका समजून घ्यायची तर हा तपशील हाताशी लागतोच.

सविस्तर लिहावे ते १९५५ सालाविषयी. त्या वर्षी शुलर पत्नी आर्व्हेला यांच्यासह कॅलिफोर्नियात आले. उपासनेसाठी सभागृह मिळेना, तेव्हा त्यांनी मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे एक उघडे चित्रपटगृह रविवार सकाळपुरते भाड्याने घेतले. २७ मार्च १९५५ रोजी पहिली उपासना झाली. खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छपरावर उभे राहून शुलर बोलले, आर्व्हेला यांनी ऑर्गन वाजवला, आणि लोकांनी आपापल्या गाडीत बसूनच प्रत्येक गाडीजवळच्या छोट्या ध्वनिक्षेपकातून संदेश ऐकला. हा प्रसंग केवळ गंमत म्हणून उरकू नये. दक्षिण कॅलिफोर्नियात त्या काळी नवी उपनगरे झपाट्याने वसत होती, तिथे आलेल्या माणसाला गाव नव्हते, पण मोटार होती. शुलर यांनी त्याला आहे तसा, गाडीतून न उतरता, येऊ दिले. पुढे १९५७ मध्ये सकारात्मक विचारांचे प्रसिद्ध पुरस्कर्ते नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनीही तिथे प्रवचन दिले. शुलर यांच्या विचारांची दिशा शोधताना हा धागा धरून ठेवावा.

यानंतरच्या वास्तूंचे वर्णन करताना नुसती भव्यता सांगून थांबू नये, त्या कशा चालत हे सांगावे. १९६१ मध्ये वास्तुरचनाकार रिचर्ड न्यूट्रा यांनी बांधलेल्या चर्चमध्ये आत बसलेले आणि बाहेर गाडीत थांबलेले, दोघांनाही व्यासपीठ दिसावे अशी सोय होती. १९८० मध्ये उघडलेल्या क्रिस्टल कॅथीड्रल या शुलर यांच्या काचेच्या नव्या चर्चची रचना फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांची. दहा हजारांहून अधिक काचा असलेल्या त्या इमारतीत व्यासपीठाजवळ सुमारे ९० फूट उंचीचे दरवाजे होते. ते उघडले की वाहनतळावरच्या गाड्यांतील लोकही उपासनेत सामील होत. म्हणजे पंचवीस वर्षांनंतरही गाडीतला श्रोता सुटला नव्हता, आणि माझ्या मते शुलर यांच्याविषयी याहून बोलका पुरावा नाही.

दूरचित्रवाणीचा भाग लिहिताना हिशेब नीट समजून घ्यावा. शुलर यांची उपासना दाखवणारा ‘अवर ऑफ पॉवर’ हा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. तशी सूचना प्रसिद्ध ख्रिस्ती प्रचारक बिली ग्रॅहम यांनी केली होती. असे कार्यक्रम बहुधा वाहिनीकडून वेळ विकत घेऊन दाखवले जातात आणि खर्च प्रेक्षकांच्या देणग्यांतून भागतो. त्यामुळे देणगी कमी झाली तरी वेळेचे भाडे थांबत नाही. प्रेक्षकसंख्या आणि देशांची संख्या यांचे आकडे बहुधा संस्थेनेच दिलेले असतात, तेव्हा ते संस्थेच्या नावानेच द्यावेत.

टीका देताना टीकाकाराचा मुद्दा पुरता मांडावा. शुलर यांनी आत्मसन्मानाला ख्रिस्ती शिकवणीच्या केंद्रस्थानी आणले. पाप आणि पश्चात्ताप यांची धार त्यामुळे बोथट झाली, असे अनेक सनातनी ख्रिस्ती अभ्यासकांचे म्हणणे होते, आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतील पाळकाबद्दल ते अधिकच तीव्रतेने मांडले गेले. दुसऱ्या बाजूने, चर्चकडे पाठ फिरवलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याची त्यांची पद्धत रिक वॉरन आणि बिल हायबल्स यांसारख्या पुढच्या पिढीतील पाळकांपर्यंत पोहोचली. दोन्ही गोष्टी लिहाव्यात, आणि स्वतःचा कौल असेल तर तो स्वतःचा म्हणूनच द्यावा.

उत्तराधिकाराचा भाग सर्वांत अवघड असतो, कारण तिथे कुटुंब आणि संस्था यांच्या सीमा पुसट होतात. इथे तारखांवरचे बोट सोडू नये. २००६ मध्ये मुलगा रॉबर्ट ए. शुलर मुख्य पाळक झाला, २००८ मध्ये तो बाजूला झाला, मग मुलगी शीला यांच्याकडे सूत्रे आली. ऑक्टोबर २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरी संरक्षणासाठी, म्हणजे देणेकऱ्यांपासून न्यायालयाचे संरक्षण मिळावे म्हणून, अर्ज केला. भव्य धार्मिक नाट्यप्रयोगांसाठी सामान आणि प्राणी पुरवणाऱ्यांचीही देणी थकली होती. मोठ्या कर्जाच्या आकड्याशेजारी या लहान पुरवठादारांचा उल्लेख अवश्य करावा, कारण नुकसान त्यांनीही सोसले. खरेदीसाठी चॅपमन विद्यापीठही उत्सुक होते, परंतु वास्तू उपासनेसाठीच राहावी म्हणून त्याच भागातील ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताला (बिशपच्या अधिकारक्षेत्राला) ती ५.७५ कोटी डॉलरना विकली गेली. व्यवहार २०१२ मध्ये पूर्ण झाला.

शुलर २ एप्रिल २०१५ रोजी वारले, पण चरित्र तिथे संपवू नये. कार्यक्रम नातू बॉबी शुलर यांनी पुढे चालवला, आणि काचेची ती इमारत आतून बदलून १७ जुलै २०१९ रोजी कॅथलिक कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, म्हणून समर्पित झाली. तिला आता ख्राईस्ट कॅथीड्रल म्हणतात. शुलर यांच्या काळातील प्रसंग सांगताना मात्र जुनेच नाव वापरावे आणि बदल एकदाच, विक्रीच्या परिच्छेदात, नोंदवावा.