जुन्या मोटरसायकलचे इंजिन उघडताना या चुका टाळा

कोल्हापुरात जुन्या बुलेटचे किंवा येझदीचे इंजिन दुरुस्त करणे सोपे वाटते, याचे श्रेय शिवाजी उद्यमनगराला द्यावे लागेल. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणे), लेथ, ग्राइंडिंग अशी सगळी कामे तिथे एकाच परिसरात होतात आणि दुकानात न मिळणारा भाग बनवून देणारा कारागीरही जवळपास भेटतो. मात्र ही सोय हाताशी असल्यामुळेच मोजमाप घेण्याआधी इंजिन उघडण्याची आणि दिसेल तो भाग बदलण्याची घाई होते.

निळ्या धुराचेच, म्हणजे जळणाऱ्या ऑइलच्या धुराचेच घ्या. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ऑइलची टाकी क्रँककेसच्या (पिस्टनमुळे फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, त्याच्या पेटीच्या) ओतीव भागातच असते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीतील ऑइल पंपातून झिरपत क्रँकच्या बाजूला उतरते आणि पहिल्याच किकला गल्ली धुराने भरते. हा धूर थोड्या वेळात थांबत असेल, तर पिस्टनवरच्या रिंगा बदलून काहीही साधणार नाही. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडताच धुराचा लोट येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर) घ्यावा. वेग वाढवताना सतत धूर येत असेल, तर रिंगांवर आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या पोकळीवर). खात्रीसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) मोजावे, प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर झीज रिंगांची किंवा बोअरची आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि हेड गास्केट तपासावे.

बोअर केवळ बोटाने चाचपून ठरवणे ही दुसरी चूक. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे. सिलिंडर बोअरिंगला देण्यापूर्वी पिस्टन हातात असला पाहिजे, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो. पाकिटावरील ओव्हरसाइजच्या (पिस्टन मूळ मापापेक्षा किती मोठा याच्या) आकड्यावर विसंबू नये. बुलेट 350 चा मूळ बोअर 70 मिलिमीटर आहे. रिंगेच्या टोकांमधील फट व्यासाच्या दर इंचाला इंचाचे चार हजारांश, या सर्वसाधारण हिशेबाने त्यात सुमारे 0.28 मिलिमीटर येते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून ही फट फिलर गेजने तपासावी. होनिंगनंतर (बोअर आतून बारीक घासल्यावर) सिलिंडर केवळ रॉकेलने पुसला जातो, हे मात्र अक्षम्य आहे, कारण घासणीचे बारीक कण धातूच्या रेघांत तसेच राहतात आणि नव्या रिंगा खातात. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनीच तो धुवावा व लगेच ऑइल लावावे.

बनवून घेण्याजोगे आणि न घेण्याजोगे भाग यांतील फरक न ओळखणे ही आपल्या गावाची खास चूक म्हणावी लागेल. स्पेसर, स्टड, योग्य गनमेटलचा बुश हे लेथवर उत्तम होतात. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) वरच्या टोकाचा बुश दाबून बसवल्यावर थोडा आवळतो, म्हणून तो रीमरने मापात आणावा आणि ऑइलचे छिद्र रॉडच्या छिद्राशी जुळले आहे याची खात्री करावी. क्रँकपिनला (रॉडचे खालचे टोक जिच्यावर फिरते त्या पिनला) मात्र पृष्ठभागाचे हार्डनिंग आणि अचूक ग्राइंडिंग लागते, व्हॉल्व्हला उष्णता सोसणारे पोलाद लागते. ते साध्या पोलादाचे करून घेणे म्हणजे धोका विकत घेणे होय. रॉड वर-खाली हलत असेल तर बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग) गेलेला आहे. बाजूला थोडा सरकणे दोष नव्हे. नवा पिन बसवल्यावर क्रँक दोन सेंटरमध्ये फिरवून डायल गेजवर सरळ केल्याशिवाय परत घेऊ नये.

बुलेटच्या टायमिंग बाजूला, ऑइल पंप फिरवणाऱ्या वर्म नटाचे आटे उलटे असतात. जोर लावून तो नेहमीच्या दिशेने फिरवल्यास तो अधिकच आवळतो आणि आटे किंवा क्रँकचे टोक खराब होते.

येझदीसारख्या दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टनपेक्षा क्रँकच्या सीलांकडे आधी पाहावे. क्लचच्या बाजूचे सील कडक झाले तर गिअरचे ऑइल ओढले जाऊन धूर वाढतो. दुसऱ्या बाजूचे गेले तर हवा शिरते, पेट्रोलचे प्रमाण घटून मिश्रण पातळ होते आणि नवा पिस्टनही जाम होतो. पिस्टनच्या खाचेतील खुंटीवर रिंगेचे तोंड बसले नाही, तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) प्रत्येक वेळी नवीच घालावी.

काम झाल्यावर लगेच जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ चढवून पाहण्याचा मोह आवरावा. पहिले 500 किलोमीटर सपाट रस्त्यावर, थ्रॉटल कमी-जास्त करत चालवावी. बुलेटचे पहिले ऑइल लवकर बदलावे आणि काढलेले ऑइल पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहावे. बारीक करडी भुकटी स्वाभाविक आहे, पण पितळी किंवा चमकदार पापुद्रे दिसले तर गाडी पुढे न चालवता खालचा भाग पुन्हा उघडावा.